शब्दांची विचारपूस : ‘डेरिंग-डू’ ही छापायची चूक आहे का?

प्रश्न : सर, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. आमच्या गावात समाजमंदिराच्या वरच्या खोलीत पोरांनी अभ्यासिका सुरू केली आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. तिथल्या इंग्रजी शब्दांच्या एका जुन्या पुस्तकात ‘डेरिंग-डू’ असा शब्द निघाला, अर्थ दिलाय ‘शौर्य, धाडसी कृत्य’. पण स्पेलिंग बघा, डी-ई-डबल आर. एक पोरगा म्हणे ही छापायची चूक आहे, डेअरिंगमधे डी-ए पाहिजे. दुसरा म्हणे चूक नाही, शब्दच तसा आहे. दोघांची तर्री-पोह्याची पैज लागली आणि मी सगळ्यात मोठा म्हणून निकाल माझ्यावर आला. मला काही सांगता येईना. हा शब्द आला कुठून, आणि आपल्या मराठीत त्याच्या जवळचं काही आहे का?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मला खरंच खूप आनंद झाला, कारण तुमची दोन्ही पोरं बरोबर आहेत. शब्द तसाच आहे, आज इंग्रजीत तो डी-ई-डबल आर असाच लिहितात. आणि तरी तो जन्मला एका चुकीतूनच, फक्त ती चूक तुमच्या पुस्तकाच्या छापखान्यातली नाही, पाचशे वर्षं जुनी आहे. त्यामुळे पोहे दोघांनी मिळून खावे आणि पैसे अर्धे-अर्धे द्यावे असा माझा निकाल.

आता गोष्ट पहिल्यापासून सांगतो. १३८५ च्या आसपास जेफ्री चॉसर नावाच्या इंग्लिश कवीनं ग्रीक पुराणकथेतल्या ट्रॉयच्या लढाईतल्या ट्रॉयलस नावाच्या राजपुत्रावर एक मोठं काव्य लिहिलं. त्यात तो त्याचं कौतुक करताना म्हणतो की ‘डोरिंग डोन’ यात हा कुणाच्या मागे नव्हता. डोरिंग म्हणजे धजणं, आणि डोन म्हणजे करणं, आजच्या डू चं जुनं रूप. पण चॉसर तिथे थांबत नाही, त्याचं वाक्य पुढे जातं: जे शूर सरदाराच्या वाट्याला येतं, ते करायला धजणं. म्हणजे हे दोन साधे, सुटे शब्द होते, आपण ‘बोलायला धजणं’, ‘जायला धजणं’ म्हणतो तसेच, त्यात नाम वगैरे काही नव्हतं. आणि तेव्हा स्पेलिंगचा काही कायदा नव्हता, पोथी उतरवणारा ज्याच्या-त्याच्या कानाप्रमाणे लिहायचा, कुठे ओ तर कुठे यू.

मग त्याच्यानंतर जॉन लिडगेट नावाचा एक मठातला साधू-कवी आला, त्यानं १४१२ ते १४२० या काळात ट्रॉयच्याच युद्धावर भलंमोठं काव्य लिहिलं आणि चॉसरला गुरु मानत असल्यामुळे हे शब्द तसेच उचलले. लिडगेटनं लिहिलं ते ‘डोरिंग डू’ असं, ओ घालून. पण त्याचं पुस्तक सोळाव्या शतकात छापलं गेलं तेव्हा त्या ओ चा ई झाला. आपल्याकडे ‘ध चा मा’ म्हणतात ना, ‘धरावे’ चं ‘मारावे’ केलं आणि १७७३ मधे नारायणराव पेशव्यांचा जीव गेला अशी जी कथा सांगतात, तसं इथे ओ चा ई झाला, फक्त इथे कुणाचा जीव गेला नाही, उलट एक शब्द जन्माला आला.

कसा, ते बघा. एडमंड स्पेन्सर नावाच्या कवीला जुन्या शब्दांचा फार लळा. १५७९ मधे त्यानं मेंढपाळांच्या संवादांचं एक पुस्तक काढलं, बारा महिन्यांच्या बारा कविता, त्यातल्या ऑक्टोबरच्या कवितेत त्यानं ‘डेरिंग डू’ वापरलं आणि ते सरळ नाम म्हणून वापरलं. म्हणजे ‘करायला धजणं’ हे त्याला एकच वस्तू वाटलं, एका गुणाचं नाव वाटलं. त्या पुस्तकाला ई. के. एवढ्याच आद्याक्षरांनी सही करणाऱ्या कुणीतरी टिपा दिल्या होत्या, त्यानं टीप दिली की याचा अर्थ मर्दपणा आणि सरदारी बाणा. झालं, शब्दावर शिक्का बसला. समजा आपल्या एखाद्या जुन्या पोथीत ‘लढू धजे’ असं लिहिलंय, कुणीतरी ते जोडून ‘लढूधज’ वाचलं, आणि पुढच्यानं ‘त्याच्या लढूधजाला तोड नाही’ असं लिहून टाकलं, तर जे होईल तेच झालं. स्पेन्सरनं नंतर आपल्या मोठ्या काव्यातही तो वापरला आणि असं करणाऱ्याला ‘डेरिंग-डूअर’ सुद्धा म्हणून टाकलं.

नंतर दोनशेच्या वर वर्षं शब्द जवळजवळ झोपलेला. त्याला उठवलं सर वॉल्टर स्कॉटनं, त्याच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत, जी १८१९ च्या डिसेंबरमधे बाजारात आली. हा प्रसंग मी जरा सविस्तर सांगतो, मला तो फार आवडतो. आयव्हॅन्हो हा शूर सरदार जखमी होऊन शत्रूच्या किल्ल्यात पडलेला आहे, त्याला उठता येत नाही. बाहेर त्याचे लोक किल्ल्यावर चालून आलेत, बाणांचा पाऊस पडतोय. त्याची शुश्रूषा करणारी रिबेका नावाची ज्यू मुलगी एक जुनी ढाल अंगासमोर धरून खिडकीत उभी राहते आणि बाहेर काय चाललंय ते त्याला सांगते. काळ्या चिलखतातला एक अनोळखी योद्धा मोठ्या कुऱ्हाडीनं दरवाजा फोडतोय, वरून दगड-लाकडं पडतायत पण तो हलत नाही. ते ऐकून आयव्हॅन्हो पडल्या-पडल्या स्वतःशीच पुटपुटतो की असं डेरिंग-डू करणारे दोघं असतील तर नवलच. कारण असा एकच माणूस त्याला माहीत होता, आणि तो काळा योद्धा खरंच तोच निघतो, वेष बदललेला इंग्लंडचा राजा रिचर्ड. स्कॉटनं खाली टीप दिली, ‘जिवावर उदार होऊन केलेलं धाडस’. कादंबरी तुफान गाजली, आणि शब्द पुन्हा इंग्रजीत आला तो आजपर्यंत आहे.

पण गंमत अशी की कादंबरीतला काळ बाराव्या शतकाच्या शेवटचा आहे. म्हणजे जो शब्द सोळाव्या शतकातल्या चुकीनं तयार झाला तो स्कॉटनं चारशे वर्षं आधीच्या माणसाच्या तोंडी घातला. वाचणाऱ्याला मात्र तो एकदम जुना, खरा, गढीच्या दगडासारखा वाटला. मला यात स्कॉटचा दोष वाटत नाही, शब्द असेच चालतात.

आज इंग्रजीत हा शब्द बोलताना कुणी रोज वापरत नाही. जुन्या काळच्या साहसकथा, समुद्री चाचे, तलवारबाजीचे सिनेमे, विमानांच्या कसरती असं काही असलं की ‘डीड्स ऑफ डेरिंग-डू’ म्हणतात, थोडं कौतुकानं आणि थोडं हसून. सैनिकाला पदक देताना हा शब्द घालणार नाही, तिथे ‘गॅलंट्री’ येते. तुमच्या पोरांना पेपरात आला तर अर्थ लिहा ‘धाडसी पराक्रम’, आणि शब्द जुन्या वळणाचा आहे हे लक्षात ठेवा, तेवढं पुरे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मराठीत जवळचं काय. दादा, जवळचं काय विचारता, सख्खं आहे! इंग्रजी ‘डेअर’ चं जुनं रूप ‘डुरन’, आणि त्याचं मूळ शोधत मागे गेलं की ते आपल्या संस्कृतातल्या ‘धृष्’ या धातूपाशी येऊन मिळतं. धृष् म्हणजे धजणं, हिंमत करणं. ग्रीकमधे याच कुळातला ‘थ्रासुस’ आहे, म्हणजे धीट. संस्कृतातला ध इंग्रजीत ड होऊन बसतो हे दुसरीकडेही दिसतं, आपली विधवा तिकडे ‘विडो’, आपला मधु तिकडे ‘मीड’, म्हणजे मधाची दारू. राहिला ष. डेअर मधे तो कुठे गेला? तिकडे एका काळी काही ठिकाणी स चा र होऊन गेला, म्हणून इंग्रजीत आजही ‘वॉज’ आणि ‘वेअर’ अशी जोडी आहे, एकाच्या स्पेलिंगमधे एस आणि दुसऱ्यात आर. पण डेअर चं जुनं भूतकाळी रूप आहे ‘डर्स्ट’, त्यात तो स अजून जिवंत आहे. आता एकदा मोठ्यानं म्हणून बघा: डर्स्ट, धृष्ट. मी पहिल्यांदा हे दोन शब्द शेजारी ठेवून म्हणून पाहिले तेव्हा अंगावर काटा आला होता, लंडन कुठे आणि दारव्हा कुठे.

आणि याच धृष्ट पासून संस्कृतात ‘धार्ष्ट्य’, आणि त्यावरून आपलं मराठी ‘धारिष्ट’. आपल्या गावाकडे म्हातारी माणसं अजून सहज म्हणतात, ‘तिचं धारिष्टच मोठं’. म्हणजे डेरिंग-डू मधला डेरिंग, पोरं बोलतात तो डेअरिंग, आणि आजी बोलते ते धारिष्ट, तिन्ही एकाच घरातले. (हिंदीतून आलेल्या ‘डर’ चा मात्र यांच्याशी काही संबंध नाही, आवाज सारखा वाटला तरी. तसंच धीर आणि धैर्य वेगळ्या घरचे.)

एक गोष्ट मात्र बघण्यासारखी आहे. संस्कृतात धृष्ट म्हणजे नुसता शूर नाही, निर्लज्जही. महाभारतात द्रोणाचार्यांना मारणारा धृष्टद्युम्न, त्याच्या नावातला धृष्ट मानाचा आहे. पण काव्यशास्त्रात नायकांचे जे प्रकार सांगितलेत त्यातला ‘धृष्ट’ नायक म्हणजे चूक पकडली गेली तरी लाज नसलेला. इंग्रजीतही तसंच, ‘डेअर’ चांगलंही आणि ‘तुझी हिंमत कशी झाली’ असं डाफरायलाही. मराठीनं काय केलं, वाटणी करून टाकली, ‘धृष्टता’ ला वाईट अर्थ दिला आणि ‘धारिष्ट’ ला चांगला. समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकात ‘मना श्रेष्ठ धारिष्ट जीवी धरावे’ असं आहे आणि लगेच पुढच्या ओळीत काय सांगितलंय तर कुणी वाईट बोललं तरी सोसत जावं. तलवार नाही, किल्ला नाही. सोसून उभं राहणं हे धारिष्ट.

म्हणून मला वाटतं चॉसरच्या वाक्याचा जो शेपटाचा भाग स्पेन्सरनं सोडून दिला, ‘आपल्या वाट्याला येतं ते’, तो आपल्या धारिष्टात टिकून राहिलाय. इंग्रजी शब्द पुढे नुसता तलवारबाजीचा होत गेला, वाट्याचं काम त्यातून गळून पडलं.

हे मला पुस्तकातून नाही कळलं, माझ्या आत्यामुळे कळलं. आत्या मारेगावकडची. मामाजी जेठात गेले, अचानक. पेरणी भाऊबंदांनी उरकून दिली. पण मग आठ दिवस झड लागली, सूर्य दिसला नाही, आणि उघाड पडली तेव्हा पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तण गुडघ्याला आलेलं, पऱ्हाटी त्यात शोधावी लागे. सगळ्या गावाची डवरणी, म्हणजे बैलांच्या डवऱ्यानं ओळींमधलं तण काढणं, एकदमच आली, ज्याची-त्याची जोडी ज्याच्या-त्याच्या वावरात, रोजानं माणूस मिळेना. आत्यानं दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पहाटे तिनं स्वतः जोडी सोडली, बैलांच्या तोंडाला मुसकी बांधली, डवरा जुंपला. आमच्याकडे बाया निंदतात, खुरपतात, वेचतात, तिफणीमागे सरत्यातून दाणेही सोडतात, पण कासरा हातात घेऊन डवरा हाकणारी बाई तेव्हा त्या गावात नव्हती. पारावरून जाताना लोक बघत होते, एक जण बोललाच, ‘आता बाया डवरा हाकतीन का?’ ती काही बोलली नाही. पहिल्या तासाला, म्हणजे पहिल्या ओळीला, हात डळमळला, डवऱ्याची पास (खालचं पातं) तिरपी गेली आणि पऱ्हाटीची वीस-पंचवीस झाडं तणासोबत कापली गेली. ती थांबली, ती झाडं गोळा करून धुऱ्यावर ठेवली, आणि दुसऱ्या तासाला लागली. संध्याकाळपर्यंत दीड एकर. दुसऱ्या दिवशी कापलेल्या जागी तुरीचे दाणे टोचून नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, भरल्या.

मी तेव्हा कॉलेजात होतो, सुट्टीत गेल्यावर मी म्हटलं, आत्या तू मोठी डेअरिंग केली. ती चुलीपुढे भाकर थापत होती, मान वर न करता म्हणाली, ‘डेअरिंग कायची बापा, तन काय थांबून राह्यलं होतं माह्यासाठी?’

चॉसरचं ते वाक्य मी पुढे बऱ्याच वर्षांनी वाचलं, तेव्हा मला राजपुत्र ट्रॉयलस दिसलाच नाही, तो धुऱ्यावरचा कापलेल्या पऱ्हाटीचा ढीग दिसला.

प्रश्न : मी अकरावीत आहे, आरमोरीजवळच्या गावातून लिहिते. शौर्याचे सगळे शब्द मर्द, मर्दानी, पुरुषार्थ असेच का असतात? मुलीनं काही केलं तरी ‘मर्दानी’च म्हणतात. बाकी भाषांतही असंच आहे का?

उत्तर : बाळा, हो, पुष्कळ भाषांत असंच आहे. लॅटिनमधे शौर्याला ‘विर्तुस’ म्हणायचे, तो ‘विर’ म्हणजे पुरुष यावरून, आणि तो विर म्हणजे आपल्या ‘वीर’ चाच भाऊ. ग्रीकमधे ‘आन्द्रेइआ’, तोही पुरुषावरून, आपल्या ‘नर’ च्या कुळातला. मर्दुमकी फारसी मर्द वरून. वरच्या उत्तरातल्या ई. के. नं पण टीपेत मर्दपणाच लिहिला.

पण सगळे शब्द असे नाहीत. धृष् मधे बाई-पुरुष काही नाही, त्यामुळे धारिष्टात पण नाही आणि डेअर मधे पण नाही. इंग्रजी ‘करेज’ हा लॅटिनमधल्या हृदयाच्या शब्दावरून आलाय, जिगर म्हणजे फारसीत यकृत, आपण छाती म्हणतो, कलेजा म्हणतो, हे अवयव तर सगळ्यांनाच असतात. त्यामुळे तुला ‘मर्दानी’ नको असेल तर सरळ ‘धारिष्टाची’ म्हण, शब्द जुनाही आहे आणि तुझाही आहे. आणि ढाल धरून खिडकीत उभी राहिलेली रिबेका विसरू नको, ती उभी राहिली म्हणून आयव्हॅन्होला कळलं. आपल्या विदर्भाचीच गोष्ट घे, वर्धा नदीच्या काठच्या कौंडिण्यपूरची रुक्मिणी, घरच्यांनी ठरवलेलं लग्न नको म्हणून तिनं श्रीकृष्णाला स्वतः निरोप पाठवला, भागवतात आहे. घरात एवढा मोठा भाऊ विरोधात असताना तो निरोप पाठवणं म्हणजे काय असेल ते तूच विचार कर.

प्रश्न : ‘डेअरिंग केली’ बरोबर की ‘डेअरिंग केलं’? आमच्या घरी यावरून वाद आहे. (वाशीम)

उत्तर : दोन्ही ऐकू येतं. बाहेरून आलेल्या शब्दाला लिंग बोलणारेच देतात, बहुतेक वेळा मनात जो आपला शब्द असतो त्याचं लिंग त्याला चिकटतं. मनात ‘हिंमत’ असेल तर डेअरिंग केली, मनात ‘धाडस’ असेल तर डेअरिंग केलं. आमच्याकडे जास्त करून ‘केली’ च म्हणतात, मी पण तेच म्हणतो. लिहिताना एका लेखात एकच ठेवा.